पिवळ्या मुळीचे दोन पारखी

पूर्वी तक्षशिला नगरीत अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असता बोधिसत्त्वाने औषधी मुळ्यांची पारख करणाऱ्या एका कुळात जन्म घेतला. आईबापांनी त्याचे नाव सुव्रत ठेवले. वयात आल्यावर त्याने एका वृद्ध आचार्यांकडे राहून ती विद्या पुरती आत्मसात केली आणि आचार्यांच्या मागे राजाने त्याला नगराचा मुख्य पारखी नेमले.

तक्षशिलेच्या बाजारात तेव्हा दूरदूरची औषधे येत. त्यांत सर्वांत मोलाची होती चीनदेशाची पिवळी मुळी. बोटाएवढी, गाठीगाठींची, जहर कडू अशी ही मुळी बर्फाच्या डोंगरांपलीकडून उंटांवर लादून आणीत. पावसाळा सरला की नगरातल्या लहान मुलांना रक्ताची हगवण लागे, आणि तिच्यावर या मुळीच्या काढ्याइतका दुसरा उतारा नव्हता. म्हणून शरदातल्या पहिल्या बाजाराला आया पोरांना कडेवर घेऊन चौकात येऊन बसत. पारख्याने सर्वांसमक्ष गोणीतली मुळी मोडून पाहायची, हुंगायची, चावायची आणि मगच गोणीच्या तोंडावर लाखेची मोहोर उठवायची. मोहोर नसलेल्या गोणीतला तुकडाही विकायचा नाही, असा राजाचा नियम होता. खोटी मुळी आणणाऱ्याचा उजवा हात तोडावा, असाही होता.

आचार्य शिष्यांना सांगत, ‘‘मुळी कोणत्या डोंगरावर वाढली, पाने झडल्यावर खणली की आधीच उपटली, सावलीत सुकली की उन्हात, हे सगळे तिच्या अंगावर लिहिलेले असते. वाचायला शिका. पण रंग डोळ्याला फसवतो आणि धूप नाकाला फसवतो. जिभेला फसवणारा अजून जन्माला यायचा आहे.’’

याच आचार्यांकडे सुव्रताबरोबर शिकलेला माठर नावाचा एक जण होता. राजाने त्याला उपपारखी नेमले होते. बाजार भरेपर्यंत आलेला माल ज्या कोठारात ठेवीत, त्याच्या किल्ल्या माठराकडे असत. माठर आपल्या विद्येत मुळीच कमी नव्हता. मुळी नुसती दाताखाली धरून ती डोंगराच्या कोणत्या अंगाची, हे तो सांगे. मग आचार्यांनी राजाला सुव्रताचे नाव का सुचवले? त्यांनी कारण सांगितले नाही, आणि माठराने निम्मे आयुष्य ते कारण शोधण्यात घालवले.

सुव्रताने नवे उपरणे घेतले की माठराला वाटे, हे मिरवण्यासाठीच घेतले. तेच उपरणे जुने झाले की वाटे, साधेपणाचे नाटक चालले आहे. सुव्रत आजारी पडला तर लोक विचारपूस करायला जातात म्हणून माठराचे पोट दुखे, आणि बरा झाला तर लोकांना आनंद होतो म्हणून दुखे. मत्सराचे असे असते. त्याला उपाशी ठेवता येत नाही, कारण तो काहीही खातो.

त्या वर्षी उन्हाळ्यात बोधिसत्त्वाला मोठा ज्वर आला. तो उतरला, अंगात शक्ती आली, पण जेवण नीट जाईना. ज्वरानंतर असे व्हायचेच, म्हणून त्याने तिकडे लक्ष दिले नाही.

पुढे माठराने नवे घर बांधले आणि पारखी व व्यापारी मंडळींना वास्तूच्या जेवणाला बोलावले. माठराची बायको पालिता हिने स्वतः रांधले. वेलीवरचा दुधी भोपळा कधीकधी वरून चांगला दिसतो आणि आतून विषासारखा कडू निघतो. चाखल्याशिवाय ते कळत नाही. घाईगर्दीत पालितेने चाखले नव्हते. पहिल्याच घासाला पंगतीतल्या मंडळींची तोंडे वाकडी झाली. कोणी भाजी पानाखाली सारली, कोणी पाण्याचे भांडे तोंडाला लावले. बोधिसत्त्व मात्र शांतपणे जेवत राहिला. पालिता वाढायला आली तेव्हा तो म्हणाला, ‘‘वहिनी, भाजी अजून थोडी वाढा.’’

पालितेला मागाहून स्वयंपाकघरात भाजी चाखून पाहिल्यावर रडूच कोसळले.

‘‘अहो, इतकी कडू भाजी आणि भावजींनी मागून खाल्ली! मला वाईट वाटू नये म्हणून. असा माणूस शोधून सापडायचा नाही.’’

‘‘भाजी तुझी आणि गोडवे त्याचे,’’ माठर म्हणाला. ‘‘माझ्या घराच्या वास्तूला माझी बायको त्याची आरती करते!’’

‘‘जे दिसले ते बोलले. तुम्हीसुद्धा भाजी पानाखाली सारलीत, ते मी पाहिले.’’

माठर ओसरीवर जाऊन बसला. त्याच्या अंगाची लाही लाही होत होती. त्याने तो प्रसंग मनात पुन्हा पुन्हा आणला, कारण ज्याचा राग येतो त्याचेच चिंतन माणूस देवापेक्षा अधिक करतो. घास उचलला तेव्हा सुव्रताचा चेहरा कसा होता? सौजन्याने कडू गिळणारा माणूसही पहिल्या घासाला क्षणभर थबकतो. गळ्याची घाटी अडखळते. सुव्रताची अडखळली नव्हती. आणि इतरांची तोंडे वाकडी झालेली पाहून तो दचकला होता. मग त्याने आणखी भाजी मागितली आणि अगदी सावकाश, काहीतरी शोधत असल्यासारखी खाल्ली.

माठर उठून उभा राहिला. सुव्रताची जीभ गेली होती! ज्वराने नेली होती! पंगतीत बसलेल्या साऱ्या मित्रांनी त्यात सौजन्य पाहिले आणि एका माठराने खरे पाहिले. त्या दिवशी त्याला फार दिवसांनी शांत झोप लागली.

बोधिसत्त्वालाही ते त्याच पंगतीत कळले होते. घरी जाऊन त्याने कडुनिंबाचा पाला चावून पाहिला. तो पाल्यासारखा नव्हे, कापडासारखा लागला. वैद्य म्हणाले, ‘‘जीभ परत येतेही, येत नाहीही.’’ शरदाच्या बाजाराला अजून अवकाश होता. बोधिसत्त्वाने वाट पाहायचे ठरवले आणि रोज सकाळी एक पान तो चावू लागला.

इकडे माठरही स्वस्थ नव्हता. त्या साली चीनदेशाची मुळी घेऊन मेरुक नावाचा एक उत्तरेकडचा व्यापारी पहिल्यांदाच तक्षशिलेला आला होता. त्याच्या गोण्या कोठारात, म्हणजे माठराच्या किल्लीखाली होत्या. माठराने रानातल्या एका वेलीची मुळे खणून आणली. ती हळदीच्या पाण्यात शिजवली, सावलीत सुकवली, मुळीच्या चुऱ्याची धुरी देऊन तिचा वास मुरवला. सुव्रताचे डोळे आधी गाठींच्या खालची बारीक मुळे पाहतात, हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने एकेका गाठीखाली तसे तंतू राखले. सुव्रत मुळी मोडून आतला रंग पाहतो, म्हणून रंग गाभ्यापर्यंत मुरेल इतके शिजवले. फक्त कडूपणा तेवढा त्याने घातला नाही. मग मेरुकाच्या गोण्यांतली खरी मुळी काढून आपल्या घरच्या कणगीत लपवली आणि गोण्यांत खोटी भरली.

आपण कोणाचे वाईट करीत आहोत असे त्याला वाटत नव्हते. सुव्रत ही मुळी पसंत करून मोहोर उठवील, तेवढ्यात आपण पुढे होऊन चावू, थुंकू आणि सर्वांसमक्ष त्याला उघडा पाडू. मग खरी मुळी कुठून तरी ‘सापडेल’. एकाही पोराच्या पोटात खोटे जाणार नाही, असे त्याने स्वतःला समजावले. मेरुकाचा त्याने विचारच केला नाही. मत्सराला एकच माणूस दिसतो, बाकीची दुनिया आंधळ्या कोपऱ्यात असते.

बाजाराचा दिवस उजाडला. बोधिसत्त्वाने सकाळी पान चावले. काहीच लागले नाही. त्याला वाटले, डोळे शाबूत आहेत, नाक शाबूत आहे, इतक्या वर्षांचा सराव आहे, कोणाला कळणार? मग त्याला वाटले, मुळी खोटी निघाली तर ते प्रथम एखाद्या पोराला कळेल. तो उठला आणि चौकात गेला.

राजा येऊन बसला होता. आया दाटीवाटीने बसल्या होत्या. कित्येकींच्या मांडीवरची पोरे मान टाकून पडली होती. माठर अगदी पुढे उभा होता. आतापासूनच त्याच्या तोंडाला पाणी सुटले होते. बोधिसत्त्व गोणीपाशी गेला, पण त्याने तिचे तोंड सोडले नाही. राजाकडे वळून, हात जोडून तो म्हणाला, ‘‘महाराज, उन्हाळ्यातल्या ज्वराने माझी जीभ गेली आहे. कडू आणि गोड मला सारखेच लागते. या मुळीवर मोहोर उठवण्याचा अधिकार मला राहिला नाही.’’

चौकात कुजबुज उठली. माठराला कोणी तोंडात मारल्यासारखे झाले. जे गुपित त्याने इतके दिवस जपले, कुरवाळले, ते याने स्वतःच उघडून टाकले, आणि तेही असे की लोक माना डोलावू लागले!

राजा म्हणाला, ‘‘मग मोहोर कोणी उठवायची?’’

‘‘माठराने, महाराज. जिभेने तो माझ्याहून सरस आहे. आचार्यांनी मला स्वतः तसे सांगितले होते.’’

हे एक वाक्य ऐकायला माठराचे कान जन्मभर आसुसले होते. आणि ते कोणाच्या तोंडून ऐकायला मिळाले! हिसकावून घ्यायचे होते ते दान मिळाले. माठराला आनंद झाला नाही. त्याला वाटले, हे पददेखील आता सुव्रताच्या मोठेपणाची गोष्ट होऊन बसणार. लोक म्हणतील, बघा, त्याने दिले म्हणून याला मिळाले.

त्याच्या हातात मोहोर आली. गोणी उघडली गेली. स्वतःच शिजवलेली मुळी त्याने उचलली, मोडली, दाताखाली धरली. हळदीची पुळचट चव तोंडभर पसरली. आता काय करायचे? खरी म्हणावे, तर ही पोरे मरतील. इतका वाईट तो नव्हता. त्याने ती थुंकली आणि ओरडला, ‘‘खोटी! ही मुळी खोटी आहे!’’

लोकांनी एकच जयजयकार केला. ‘‘धन्य माठर! पोरे वाचवली!’’ एका म्हातारीने त्याचे पाय धरले. सुव्रताच्या वाट्यालाही असा जयजयकार कधी आला नव्हता. माठराच्या छातीत क्षणभर गार वाटले.

तोवर राजाच्या शिपायांनी मेरुकाला धरून पुढे ओढले होते. बिचारा मोडक्या भाषेत आक्रोश करीत होता. ‘‘मी खरी आणली! माझ्या बापाने डोंगरावर स्वतः खणलेली! आर्य, तुम्ही सांगा, मी हात देऊन कसा जगू? घरी उंट कोण बांधील?’’ त्याने बोधिसत्त्वाचे उपरणे घट्ट धरले. खड्गधारी पुढे आला. लाकडाचा ओंडका ठेवला गेला.

बोधिसत्त्वाने वाकून ती मुळी उचलली. जीभ नसली तरी डोळे होते. बराच वेळ त्याने ती फिरवून पाहिली. गाठीखालचे तंतू पाहिले, गाभ्यातला रंग पाहिला. ही मुळी ज्याने केली, त्याला माझे डोळे कुठून कुठे जातात ते ठाऊक आहे, आणि चव त्याने घातलीच नाही म्हणजे माझी जीभ गेल्याचेही ठाऊक आहे, हे त्याच्या लक्षात आले. मेरुकाने तर त्याला आजच प्रथम पाहिले होते. बोधिसत्त्वाने मान वर केली. समोर माठर उभा होता आणि त्याचा चेहरा मुळीपेक्षा पिवळा पडला होता. बोधिसत्त्वाला सगळे कळले. त्याने नाव मात्र घेतले नाही.

‘‘महाराज,’’ तो म्हणाला, ‘‘या परदेशी माणसाचा दोष नाही. माल आपल्या कोठारात होता आणि कोठाराचा मुख्य मी. तिथे शिरताना तो खरा असेल आणि निघताना खोटा झाला असेल, तर उत्तर मी द्यायचे. याला सोडा. दंड माझा.’’ आणि त्याने उजव्या हाताची बाही वर सारली.

 कोणीतरी हुंदका दिला. मघाशी माठराचे पाय धरणारी म्हातारी आता बोधिसत्त्वापुढे लोटांगण घालीत होती. ‘‘देवमाणूस!’’ लोक म्हणत होते. ‘‘दुसऱ्याच्या पापासाठी स्वतःचा हात देतो!’’ माठराचे नाव कोणाच्या तोंडी उरले नव्हते. त्याचा जयजयकार ओंडका ठेवायला जितका वेळ लागतो तितकाच टिकला होता.

माठराने ते पाहिले आणि त्याच्या आत काहीतरी फुटले. पश्चात्ताप नव्हता तो. तो जुनाच वणवा होता, पण आज तो भलत्याच दिशेला पेटला.

‘‘थांबा!’’ तो किंचाळला. ‘‘ती मुळी माझी आहे! मी केली, मी! खरी माझ्या घरी कणगीत आहे!’’ तो बोधिसत्त्वाकडे वळला. ‘‘आचार्यांचे प्रेम तू घेतलेस. पद घेतलेस. माझ्या बायकोच्या तोंडची स्तुती घेतलीस. आता माझे पापसुद्धा तूच घेणार? ते तरी माझे मला राहू दे!’’

 माठराला आपण काय बोललो ते जरा वेळाने उमगले. त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले आणि तो मटकन खाली बसला.

राजाने आधी माठराच्या घरी माणसे धाडली. खरी मुळी चौकात आली, आणि राजाच्या आज्ञेने माठरानेच ती चाखली, कारण त्याच्या तोडीची दुसरी जीभ नगरात नव्हती. कडूपणाने त्याचे डोळे भरून आले. तो मान खाली घालून म्हणाला, ‘‘खरी.’’ आयांना मुळी वाटली गेली. मेरुकाला सोडले. मग राजाने खड्गधाऱ्याला खूण केली.

बोधिसत्त्व म्हणाला, ‘‘महाराज, एक विनंती आहे.’’

‘‘याच्यासाठी? तुला याचा राग आला नाही?’’

‘‘आला. अजूनही थोडा आहे. पण माझी जीभ गेली, हे माझ्या एकाही मित्राला कळले नाही. भाजी कडू होती आणि मी ती खाल्ली, तर त्यांनी मला साधू ठरवले. ओळखले फक्त याने, कारण याची नजर माझ्यात दोषच शोधत होती. माझ्यावर माया करणारा पारखी माझ्याबरोबर बसवलात, तर माझी चूक त्याला चूक वाटणार नाही. याला बसवा. मी पसंत केलेल्या प्रत्येक गोणीत याने खोट काढावी, याने पसंत केलेलीत मी काढीन. दोघांनाही खोट सापडली नाही, तरच मोहोर उठावी. कोठाराच्या किल्ल्या मात्र तिसऱ्याकडे द्या.’’

राजाला हसू आले. ‘‘आणि भांडलात तर?’’

‘‘भांडू. भांडण संपेपर्यंत गोणी बंद राहील.’’

राजाने माठराचा हात राखला आणि तसाच नियम केला. पुढे कैक वर्षे तक्षशिलेच्या चौकात ते दोघे समोरासमोर बसत. एक डोळ्यांनी पाहायचा, दुसरा जिभेने. ‘‘ही उन्हात सुकवली आहे, दिसत नाही तुला?’’ ‘‘तुला चव कळत नाही, तू बोलू नकोस!’’ असे त्यांचे चाले आणि लोक दुरून ऐकून हसत. माठराचा मत्सर काही गेला नाही. बोधिसत्त्वाचे केस आपल्या आधी पांढरे झाले, याचाही त्याला हेवा वाटे, कारण लोक पांढऱ्या केसांना मान देत. पण त्या वर्षांत एकही खोटी मुळी मोहोरेखालून सुटली नाही.

आयुष्य सरल्यावर बोधिसत्त्व आपल्या कर्मानुसार परलोकी गेला. पुढच्या शरदात राजाने माठराला निरोप धाडला, ‘‘आता तुला अडवणारा कोणी नाही. मोहोर एकट्याने उठव.’’ माठर चौकात आला आणि बराच वेळ बंद गोणीसमोर बसून राहिला. मग त्याने मोहोर परत केली. ‘‘महाराजांना सांगा,’’ तो म्हणाला, ‘‘माझ्यावर जळणारा एखादा पारखी कुठे असेल तर शोधून पाठवा. तोवर मी एक गोणीही उघडणार नाही.’’

शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, विहारात ही कथा सांगितली तेव्हा समोर भिक्षूंमध्ये कंपिल नावाचा एक भिक्षू बसला होता. विहारातली औषधे सांभाळण्याचे काम दुसऱ्याला मिळाले म्हणून तो बरेच दिवस कोणाशी बोलत नव्हता.

शास्ते म्हणाले, ‘‘तेव्हाचा मेरुक म्हणजे आज उत्तरेकडून आलेला हा भिक्षू नंदिल. पालिता म्हणजे आजाऱ्यांसाठी रोज पेज घेऊन येणारी उपासिका सामा. राजा अरिंदम म्हणजे दाराशी बसलेला हा वृद्ध गृहस्थ. आणि पारखी सुव्रत मी होतो.’’

माठराचे नाव त्यांनी घेतले नाही. कंपिलच खाली पाहत म्हणाला, ‘‘भदंत, माठर मी होतो.’’

‘‘होय, कंपिल.’’

‘‘आणि त्या जन्मी आपण बुद्धत्वाकडे नेणाऱ्या गुणांपैकी कोणती पारमिता पूर्ण केलीत?’’

‘‘सत्याची,’’ शास्ते म्हणाले. ‘‘त्या दिवशी चौकात दोनदा सत्य बोलले गेले. पहिले मी बोललो, त्यात माझे पद जायचे होते. दुसरे तू बोललास, त्यात तुझा हात जायचा होता.’’